किरकोळ सुधारणा

दुपारी सव्वातीनला ती तक्रार माझ्या पडद्यावर आली. समोरच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला आम्ही चष्मा म्हणतो, ती आधीच वाचून मोकळा झाला होता आणि हसत होता. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. "घे," तो म्हणाला, "भुताटकीची केस आहे. मांत्रिक बोलवायचा की तूच बघतोस?" तक्रार एका शिक्षिकेची होती. ज्यांना बोलता येत नाही अशा मोठ्या माणसांना ती यंत्राने बोलायला शिकवते. माझी एक विद्यार्थिनी आहे, तिने लिहिलं होतं, चौतीस वर्षांची. ती गालाने कळ दाबते. पडद्यावर चौकोन एकामागून एक उजळत जातात. हवा तो उजळला की दाबायचं, मग यंत्र तो शब्द मोठ्याने बोलतं. गेले काही महिने ती दाबते एक आणि यंत्र बोलतं त्याच्या पुढचा. नेहमी नाही. ती बराच वेळ गप्प असली तरच. मी स्वतः तिच्या पाठोपाठ भराभर पन्नास वेळा दाबून पाहिलं, माझं एकदाही चुकलं नाही. इथले सगळे म्हणतात तिचं डोकं आता साथ देत नाही. मी तिला सहा वर्षं ओळखते. ती चुकत नाही, असं मला वाटतं. कृपया बघा. खाली सही, त्याखाली फोन नंबर. "पन्नास वेळा दाबलं, एकदाही चुकलं नाही," चष्मा म्हणाला, "म्हणजे बाईंनीच आपल्या बाजूने साक्ष दिली. बंद करू?" मी म्हटलं, थांब. तोंडात पितळेची चव आली होती.

आम्ही कर्नल लिहितो. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कार्यक्रम, तो कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही तोवरच सगळं ठीक चाललेलं असतं. कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे तो ठरवतो. बाबांना बोलता येत होतं तेव्हा मी एकदा त्यांना हे समजावून सांगितलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "फौजेत गेला असतास तर कर्नल झाला असतास. आता कर्नलची हमाली कर." घरात सगळे हसले. मीही हसलो. बाबांच्या विनोदाला हसायचं नसलं तरी हसायचं असतं, हे आम्हा भावंडांना दात येण्याच्या आधी कळलं होतं. तर दीड वर्षापूर्वी मी त्या कर्नलमध्ये एक बदल केला. यंत्राला चिकटलेली बरीच साधनं तासन् तास गप्प असतात. त्यांच्यातलं कुणी काही म्हणतंय का, म्हणून कर्नल दर क्षणी कान टवकारून बसतो. वीज जाते, वेळ जातो. मी म्हटलं, जो बराच वेळ बोलला नाही त्याच्यासाठी क्षणोक्षणी कशाला जागायचं? त्याचा निरोप एका गठ्ठ्यात टाकू आणि गठ्ठा दीड सेकंद थांबून उघडू. तो पाच सेकंदांच्या आत पुन्हा बोलला तर समजू की हा जागा झाला, मग त्याला लगेच दाद देऊ. बडबड्याला आधी, मुक्याला सवडीने. आमचा साहेब, ज्याला आम्ही ठोकळा म्हणतो, टेबलावर थाप मारून म्हणाला, "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही! हेच, हेच पाहिजे होतं." वेग चार टक्क्यांनी वाढला. चार टक्के म्हणजे आमच्या धंद्यात बारसं, मुंज आणि लग्न एकाच दिवशी. मला पुढचं पद मिळालं, खिडकीजवळची जागा मिळाली, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या एकाची खिडकीजवळची जागा दिसायला लागली.

चाचणी आम्ही नीट केली होती. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही, नीट केली होती म्हणूनच सांगतो. कळ दाबायला एक लोखंडी बोट बनवलेलं आहे, ते सेकंदाला दहा वेळा दाबतं, रात्रंदिवस, न कंटाळता. दहा लाख दाबांत एकदाही उशीर नाही. कसा असेल? लोखंडी बोट कधी गप्पच बसत नव्हतं. आम्ही ज्याची परीक्षा घेत होतो तो मुका होता आणि परीक्षेला पाठवला होता वाचाळ. फक्त एकदा, एका शुक्रवारी, बोट अडकलं आणि वीस मिनिटं थांबलं. कुणीतरी ते सोडवलं तेव्हा पहिला दाब दीड सेकंद उशिरा नोंदला गेला. तो आकडा मी पाहिला. दुसऱ्या कुणी पाहिला नाही, मी पाहिला. आणि बदलाच्या टिपणात एक वाक्य लिहिलं: बराच वेळ शांत असलेल्या साधनाचा पहिला संदेश दीड सेकंद उशिरा पोहोचू शकतो. साधं, सरळ, खरं वाक्य. पण आमच्याकडे पद्धत अशी की टिपणात 'उशीर' हा शब्द आला की ते टिपण आणखी तीन जणांच्या सहीला जातं, आणि त्या तिघांतला एक नेहमी रजेवर असतो. नवी आवृत्ती गुरुवारी निघायची होती. मी बुधवारी संध्याकाळी ते वाक्य पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. ठोकळ्यानेही नाही; सगळा दोष त्याच्यावर ढकलता आला असता तर किती बरं झालं असतं. वाक्य गेलं आणि टिपणात उरलं: किरकोळ सुधारणा, एकूण वेग वाढला.

चष्मा चहा प्यायला गेला तेव्हा मी चाचणीच्या कपाटातून एक कळ काढली, जोडली, चौकोनांचा तोच कार्यक्रम लावला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. सात मिनिटं. आमच्या ऑफिसात सात मिनिटं काही न दाबता बसलेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नसेल. पहिल्या मिनिटाला बोटं वळवळायला लागली. तिसऱ्या मिनिटाला खांदे दुखायला लागले, आणि खांदे दुखायला लागले तसे बाबा आठवले. बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा आधी पांढरा पडायचा, मग त्याला तराजू आठवायचा. घरी त्यांची पितळी वजनांची पेटी असे, निळ्या मखमलीची, प्रत्येक वजनाला आपापला खड्डा. मी खोटं बोललो, किंवा त्यांना वाटलं की बोललो, तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायचे आणि दोन्ही तळव्यांवर एकेक किलोचं वजन. हात खाली आला की मोजणी पहिल्यापासून. ते समोर खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि पेपरच्या आडून मोजायचे. "दुखतंय बाबा," मी म्हणायचो. "दुखणारच," बाबा म्हणायचे, "खोट्याचं वजन असतं ते." नंतर मी तळवे चाटायचो. का चाटायचो कोण जाणे. ती चव. सात मिनिटं झाली. 'पाणी' उजळलं तेव्हा मी कळ दाबली. यंत्र म्हणालं, रेडिओ. चौकोन दीड सेकंदाने बदलतो; माझा दाब पोचेपर्यंत पुढचा उजळलेला होता. लगेच पुन्हा दाबली, तर अगदी बरोबर. मग पुन्हा सात मिनिटं गप्प बसलो आणि पुन्हा दाबली. रेडिओ. चौकोन मी निवडले नव्हते. हात आपोआप आमच्या घरच्या यंत्रातले आठ चौकोन त्याच क्रमाने लावून बसला होता. पाणी, रेडिओ, कूस बदला, दिवा, दुखतंय, बरं आहे, हो, नाही.

बाबांचं सगळं अंग एका सकाळी दाढी करताना गेलं. उरला उजव्या हाताचा अंगठा. पापण्या हलतात, पण त्यांच्या त्यांच्या मर्जीने. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्यात अर्थ शोधू नका. डोळ्यांतून पाणी येतं, त्यातही शोधू नका, अशा रुग्णांना येतंच. मग यंत्र आलं, अंगठ्याखाली कळ आली, आणि पहिले चार महिने बाबा पूर्वीचेच बाबा होते. नाही. दुखतंय. पाणी. नाही. नाही. कूस बदला. दुखतंय. ताई, माझी मोठी बहीण, नोकरी सोडून त्यांच्यापाशी बसली होती. ती स्वयंपाकघरात येऊन भिंतीला डोकं टेकायची. "एक अंगठा उरलाय, तरी सगळ्या घराला कामाला लावतात रे," ती म्हणायची, "दोन उरले असते तर आपण मेलोच असतो." डाव्या खांद्यासाठी व्यायाम होता. सकाळी ताई करायची, संध्याकाळी सहाला मी. व्यायाम शिकवणाऱ्याने कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं होतं: हात हळूहळू वर न्या, वीस वेळा. रुग्ण 'दुखतंय' म्हणाला की थांबा. त्या चार महिन्यांत हात खांद्याच्या रेषेच्या वर कधी गेला नाही. तिथवर आला की यंत्र म्हणायचं, दुखतंय. मी थांबायचो.

मग आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारी, मी बाबांच्या यंत्रात नवी आवृत्ती घातली. अभिमानाने घातली, हे लिहायला हात जड होतो, पण अभिमानानेच. पलंगाशी बसलो आणि म्हणालो, "बाबा, यात माझं काम आहे. आता तुमचं यंत्र माझ्या कर्नलवर चालणार." त्यांचे डोळे माझ्यावर होते. यंत्र बंद होऊन सुरू झालं. ताईने नेहमीसारखं विचारलं, "बाबा, खांदा दुखतोय का?" थोड्या वेळाने यंत्र म्हणालं, बरं आहे. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. आमच्या उभ्या जन्मात बाबा कधी 'बरं आहे' म्हणाले नव्हते. मी वर्गात पहिला आलो तेव्हा म्हणाले होते, वर्गात मुलं किती? त्या दिवसापासून त्यांनी सूर बदलला. घर बदललं. ताई गुणगुणायला लागली. बाबा सारखा रेडिओ मागायला लागले. हेच बाबा, जे रेडिओला फुकटची बडबड म्हणून बंद करायचे. ताई म्हणायची, "म्हातारपणी वेड लागलं गाण्यांचं, लागू दे बापडं." रात्री-अपरात्री दिवा मागायचे, आम्ही लावायचो, विझवायचो, पुन्हा लावायचो. आणि हात वर जायला लागला. खांद्याच्या वर, कानापर्यंत, कानाच्याही वर. मी विचारायचो, "बाबा, चालेल ना अजून थोडं?" यंत्र म्हणायचं, बरं आहे. पुढच्या फेरीला पुन्हा, बरं आहे. त्याच्या पुढच्या फेरीला, बरं आहे. एकदा अकरा वेळा म्हणाले. मी आणि ताई पोट धरून हसलो. "बस बस, कळलं बाबा, बरं आहे, एकदा सांगितलं तरी पुरे!" व्यायामवाला म्हणाला, मी पस्तीस वर्षांत असा रुग्ण पाहिला नाही. वीस मोजून झाले की बाबा डोळे मिटायचे. ताई त्यांच्या डोळ्यांचं पाणी टिपायची. मला वाटायचं, किती शांत दिसतात. मला वाटायचं, हे माझ्यामुळे झालं. पोरगं काहीतरी करतंय हे त्यांना एकदाचं पटलं. मी ऑफिसातून पळत घरी यायचो. सहाला तो हात माझ्या हातात घ्यायला मिळायचा म्हणून. लहानपणी त्या हाताला हात लावायचीही सोय नव्हती.

आणि एकदा मी विचारलं. ताई बाहेर गेली होती. मी म्हटलं, "बाबा, माझ्यावर अजून राग आहे का?" कशाचा राग, हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत असणार असं मला नेहमी वाटायचं. चौकोन फिरत राहिले, चार फेऱ्या, पाच. मग यंत्र म्हणालं, नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात रडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, ओट्याला धरून. आता या खुर्चीत, पितळेची चव घोळवत, मी हिशेब करत होतो. चार-पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ एक मिनिट शांतता. एक मिनिट शांतता म्हणजे गठ्ठा. गठ्ठा म्हणजे पुढचा चौकोन. 'नाही'च्या आधीचा चौकोन कुठला हे मला पडद्याकडे न बघता माहीत होतं. मी तो हिशेब तीनदा केला. खरं सांगतो, त्या क्षणी मला खांदा आठवला नाही. आधी हे आठवलं. आधी आठवलं की त्यांचा राग आहे. खांदा मागाहून आला, दीड सेकंदाने म्हणा, आणि आला तो रोज वीस वेळा या हिशेबाने, सकाळचे ताईचे वेगळे.

ठोकळा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात नेहमीसारखा रिकामा कप. "काय रे, एवढं काय बघतोयस?"

"ही तक्रार," मी म्हटलं.

त्याने वाकून वाचली. ओठ हलवत वाचतो तो. "बिचारी," तो म्हणाला. बाईंना म्हणाला की त्या विद्यार्थिनीला, कळलं नाही. "आपल्याकडे होतंय का तसं?"

माझ्या समोरच्या पडद्यावर रेडिओचा चौकोन अजून उजळलेला होता. कळ माझ्या तळव्याखाली होती. सांगायचं तर सात मिनिटांचं काम होतं. त्याला म्हणायचं, बस इथे, काही बोलू नकोस, मग दाब. पण मग ते वाक्य कुठे गेलं ते निघालं असतं. आमच्याकडे पुसलेलं काही खरंतर पुसलं जात नाही, कुणी कधी पुसलं याची नोंद राहते, दिवस, तास, मिनिट. बुधवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. "नाही," मी म्हटलं, "माझ्याकडे होत नाहीये."

"मग लाव निकाल. उद्या यादी वर जायची आहे." तो गेला. मी लिहिलं, पुन्हा करून दाखवता आली नाही, आणि तक्रार बंद केली. उद्या उघडीन, असं स्वतःला म्हटलं. आधी घरचं बघतो, मग जगाचं. चष्मा परत आला होता. "उतरलं का भूत?" "उतरलं," मी म्हटलं. कपाटाच्या खणात त्या बदलाच्या आधीची जुनी आवृत्ती एका पेनड्राइव्हवर होती, ती खिशात घातली आणि पोट बिघडल्याचं सांगून निघालो.

बसने येताना माझ्या शेजारी बसलेली बाई आपल्या फोनवर कुणावर तरी ओरडत होती, "मी कधीची सांगतेय, तुझ्या कानात जात नाही का?" मी जागा बदलली. घराच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच रेडिओ ऐकू आला. दार ताईने उघडलं. हाताला साबणाचा फेस. "आज सूर्य कुठे उगवला? साडेचारला घरी?"

"यंत्र बघायचंय बाबांचं."

"का? छान चाललंय की. दुपारपासून सातदा रेडिओ मागितला. मी म्हटलं बाबा, चालूच आहे, ऐका. तर पुन्हा रेडिओ. आवाज वाढवला मग."

"पाणी पाजलंस?"

"चारला पाजते ना मी रोज. आज धुण्यात राहिलं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला काय झालंय? तोंड का असं, कुणी मेल्यासारखं?"

मी स्वतः पाणी घेऊन आत गेलो आणि रेडिओ बंद केला. खोलीत उन्हाचा एक तुकडा पलंगाच्या पायाशी पडला होता. बाबांच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. ते गिळत राहिले, गिळत राहिले. पूर्ण भांडं संपलं, दुसरं आणलं, तेही संपलं. मग बसलो आणि त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत मी एकदाही अंगठ्याकडे पाहिलं नव्हतं. मी पडद्याकडे पाहायचो. सगळे पडद्याकडे पाहतात, शब्द तिथून येतात म्हणून. मी विचारलं, "बाबा, खांदा दुखतोय?" चौकोन फिरले. 'दुखतंय' उजळलं आणि अंगठा खाली गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. 'बरं आहे' उजळलं आणि यंत्र म्हणालं, बरं आहे. तोच आवाज, गोड, एखाद्या दुकानातल्या बाईसारखा. बाबांनी डोळे मिटले. यात अर्थ शोधू नका.

जुनी आवृत्ती घालायला दहा मिनिटं लागली. ती घालताना मला भीती वाटत होती. यंत्र बिघडेल याची नाही, चालेल याची. चौकोन पुन्हा फिरायला लागले. सहा वाजायला अजून वेळ होता, पण मी डावा हात उचलला. तपासायला हवं होतं, नुसतं विचारून काय कळतं. बाबाच म्हणायचे, मोजल्याशिवाय बोलू नकोस. "दुखलं की सांगा," मी म्हटलं. एक. दोन. पोटापासून छातीपर्यंत काहीच नाही. तिसऱ्या वेळी हात खांद्याच्या रेषेत आला आणि यंत्र लगेच, अगदी लगेच म्हणालं, दुखतंय. कागदावर लिहिलं होतं, थांबा. मी ऐकलं. आणि माझा हात वर जातच राहिला. खांद्याच्या वर, कानाच्या दिशेने, रोजच्या वाटेने. मग थांबला. असल्या गोष्टी मोजणं हा माझा धंदा आहे. दीड सेकंद गेला. सवय होती म्हणून, असं मी कुणालाही सांगू शकतो आणि कुणालाही पटेल. पण त्या दीड सेकंदात माझे दोन्ही तळवे थंड झाले होते, मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि कुणीतरी पेपरच्या आडून मोजत होतं. बाबांचे डोळे उघडे होते. मी हात खाली ठेवला, हळू, उशीवर.

"दुखतंय," यंत्र पुढच्या फेरीला म्हणालं. "दुखतंय." पुढच्या फेरीला, "दुखतंय."

ताई धावत आली. "कोण बोललं? बाबा बोलले?" आठ महिन्यांत तिने तो शब्द ऐकला नव्हता. "कुठे दुखतंय बाबा? आत्ता तर बरे होते! काय केलंस तू?"

"आत्ताचं नाही ताई," मी म्हटलं. "यंत्र चुकत होतं. दाबत होते एक आणि बोलत होतं भलतंच, त्याच्या पुढचं. दुखतंय दाबलं की बरं आहे म्हणायचं."

ती पलंगाच्या कडेला बसली. पडद्यावरचे आठ चौकोन तिने बोटाने एकेक मोजले, शाळेतल्या पोरीसारखे. पाण्यावर बोट ठेवलं, मग रेडिओवर. तिचं तोंड उघडं राहिलं. "कधीपासून?" तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. "मी रोज सकाळी त्याच हाताला धरून उठवते रे त्यांना. रोज विचारून उठवते. ते म्हणतात बरं आहे आणि मी ओढते. आणि वर म्हणते, बघा कसे शहाण्यासारखे उठलात." ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. मी तिचा हात धरला. "मला कळायला नको? मी दिवसभर इथे असते. मी मेली बहिरी आहे का? कशाने झालं हे?"

आता सांगायचं होतं. तिघेच होतो खोलीत. रविवार, नवी आवृत्ती, यात माझं काम आहे. बुधवार, सहा वाजून दहा मिनिटं. तिला तर त्यातलं अर्धंही कळलं नसतं. ती एवढंच म्हणाली असती, तुझ्यामुळे होय. तेवढं ऐकून घेतलं की झालं. मग उद्या ती तक्रार उघडणंही सोपं गेलं असतं. "जुनं झालंय यंत्र," मी म्हणालो. "कळ आतून घासली होती. आज लक्षात आलं माझ्या."

"नशीब तू आहेस," ताई म्हणाली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला होता, फेस सुकून तिचे तळवे खरखरीत झाले होते. "दुसऱ्या कुणाला कळलं असतं? मी तर मारूनच टाकलं असतं त्यांना विचारत विचारत. बाबा, ऐकलंत का? पोराने शोधून काढलं. यंत्राचा दोष होता, आपल्या पोराने शोधला."

बाबा माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांकडे असं बघितलं असणार, काटा स्थिर व्हायची वाट बघत. चौकोन फिरत होते. दिवा गेला. दुखतंय गेलं. बरं आहे गेलं. हो उजळलं आणि गेलं. मग अंगठा खाली आला.

"नाही," यंत्र म्हणालं. एका क्षणाचाही उशीर नाही.

"काय नाही, बाबा?" ताई वाकली. "दुखत नाही? की पाणी नको?"

पुन्हा एक फेरी. आम्ही दोघं त्या आठ चौकोनांकडे बघत बसलो होतो. मला प्रत्येक चौकोनाचा दीड सेकंद वेगळा ऐकू येत होता. पाणी, रेडिओ, कूस, दिवा. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. दुखतंय, बरं आहे, हो. "नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच थोडं वेगळं पाहिलं, कपाळाला आठी घालून. "हे काय म्हणतायत रे? तुझ्याकडे बघून म्हणतायत."

तळव्यांना पितळेचा वास येत होता. मी ते पँटला पुसले.

"अजून चुकतंय ते," मी म्हणालो. "मुरायला वेळ लागतो. दोन-चार दिवस त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस."

"बरं," ताई म्हणाली, आणि बाबांचे डोळे टिपून, त्यांना बरं वाटावं म्हणून, तिने रेडिओ लावला.